सोमवारचा पिवळा रंग : थायलंडमधील राजजन्मदिन आणि बाजारपेठ

राजाचा जन्मदिवस बहुतेक राजेशाही देशांत वर्षातून एकदा येतो. त्या दिवशी तोफांची सलामी होते, सैन्याचे संचलन होते, सरकारी इमारतींवर रोषणाई होते आणि दुसऱ्या दिवशी सगळे व्यवहार पूर्ववत सुरू होतात. थायलंडमध्ये मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा उत्सव वेगळ्या वाटेने वाढला, कारण तेथे जन्मतारखेइतकेच महत्त्व जन्मवाराला आहे आणि प्रत्येक वाराला स्वतःचा रंग आहे. चक्री घराण्यातील नववे राजे भूमिबोल अदुल्यदेज यांचा जन्म सोमवारी, ५ डिसेंबर १९२७ रोजी झाला आणि थाई परंपरेत सोमवारचा रंग पिवळा; एवढ्या साध्या योगातून पुढे शर्ट, मनगटपट्ट्या, ध्वज, तसबिरी, नाणी आणि फुले यांची एक प्रचंड बाजारपेठ उभी राहिली. तारीख विकत घेता येत नाही. रंग मात्र विकत घेता येतो, अंगावर घालता येतो आणि दर आठवड्याला पुन्हा वापरता येतो. म्हणूनच थाई राजनिष्ठेचा अलीकडचा इतिहास तेथील कापडाच्या, छपाईच्या आणि किरकोळ विक्रीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

वार, ग्रह आणि रंग

थाई परंपरेत रविवार लाल, सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार नारिंगी, शुक्रवार फिकट निळा आणि शनिवार जांभळा मानला जातो. या कल्पनेचे मूळ भारतीय ग्रहविचारात आहे. थाई आख्यायिकेनुसार ईश्वराने, म्हणजे शिवाने, सहा सिंहांपासून सूर्य, पंधरा अप्सरांपासून चंद्र, आठ रेड्यांपासून मंगळ, सतरा हत्तींपासून बुध, एकोणीस ऋषींपासून गुरू, एकवीस बैलांपासून शुक्र आणि दहा वाघांपासून शनी निर्माण केला, आणि हे करताना त्या त्या ग्रहाचे द्रव्य त्या त्या रंगाच्या वस्त्रात गुंडाळून त्यावर अमृत शिंपडले. भारतीय ज्योतिषाशी परिचय असलेल्या वाचकाला हे आकडे लगेच ओळखू येतील, कारण सहा, पंधरा, आठ, सतरा, दहा, एकोणीस, बारा (राहू) आणि एकवीस ही अष्टोत्तरी दशेतील ग्रहांची वर्षे आहेत आणि त्यांची बेरीज १०८ होते. आकडे जसेच्या तसे राहिले; रंग मात्र स्थानिक वळण घेत बदलले. महाराष्ट्रात पिवळा रंग गुरूचा आणि पांढरा चंद्राचा मानला जातो, तर थायलंडमध्ये चंद्राची फिकट छटा पिवळ्याकडे झुकली आणि गुरूकडे नारिंगी आला. एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध थाई कवी सुंथोन फू यांच्या एका उपदेशपर रचनेत युद्धावर जाताना कोणत्या वारी कोणत्या रंगाचे वस्त्र नेसावे याचे मार्गदर्शन आढळते; त्यावरून दरबारी आणि सुशिक्षित वर्गात ही समजूत तेव्हाच रुजलेली होती असे दिसते.

ही समजूत राजवाड्यापुरती असती, तर तिचा बाजाराशी फारसा संबंध आला नसता. पण सामान्य थाई माणूसही आपला जन्मवार जाणतो आणि मानतो. बुधवारचे दिवस आणि रात्र असे दोन भाग धरले जातात, त्यातील रात्रीचा भाग राहूचा असतो, आणि अशा रीतीने होणाऱ्या आठ जन्मकाळांसाठी बुद्धाच्या आठ मुद्रा ठरलेल्या आहेत : मंगळवारी जन्मलेल्यासाठी पहुडलेला बुद्ध, गुरुवारी जन्मलेल्यासाठी ध्यानस्थ बुद्ध, शनिवारी जन्मलेल्यासाठी नागाच्या फणीखाली बसलेला बुद्ध. अनेक विहारांत या आठ मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात आणि भाविक आपल्या वाराच्या मूर्तीपुढे दान टाकतात. त्यामुळे राजाचा रंग कोणता आणि का, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नव्हते. राजाचा जन्मवार ही राजा आणि प्रजा यांना एकाच गणनेत बसवणारी गोष्ट होती, आणि व्यापाऱ्याला ग्राहक शोधण्याआधीच तो तयार मिळाला होता.

तारखेला राष्ट्रीय दर्जा

१९३२ मध्ये थायलंडमधील, म्हणजे तेव्हाच्या सयाममधील, निरंकुश राजेशाही संपली आणि संविधानात्मक राजेशाही आली. ज्या दिवशी हे सत्तांतर झाले, तो २४ जून पुढे राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जाऊ लागला. १९५७ मध्ये सत्ता हाती घेतलेले लष्करशहा फील्ड मार्शल सारित थनारत यांनी राजसंस्थेचे सार्वजनिक स्थान नव्याने उभारले आणि १९६० मध्ये राष्ट्रीय दिन २४ जूनवरून ५ डिसेंबरवर, म्हणजे राजाच्या जन्मदिवसावर, आणला. हा बदल वरवर पाहता कॅलेंडरमधील दुरुस्ती होती. प्रत्यक्षात राष्ट्राचा जन्म संविधानाशी जोडायचा की राजाच्या देहाशी, या प्रश्नाचे ते उत्तर होते.

पुढच्या दोन दशकांत या तारखेभोवती कुटुंबही गुंफले गेले. राणी सिरिकित यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, हा १९७६ पासून मातृदिन झाला आणि ५ डिसेंबर हा १९८० पासून पितृदिन झाला. मातृदिनाचे फूल मोगरा आणि पितृदिनाचे फूल पिवळी कर्दळ अशी चिन्हे ठरली. शाळांत मुले आईच्या पायाशी बसून तिला मोगऱ्याचे गजरे देतात, समाजकल्याण संस्था मोगऱ्याची कृत्रिम फुले तयार करून निधी गोळा करण्यासाठी विकतात, आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बँकॉकच्या फूलबाजारात मोगऱ्याचा भाव चढतो. राणीचा जन्म शुक्रवारचा असल्याने ऑगस्टमध्ये रस्त्यांवर फिकट निळे ध्वज लागू लागले आणि डिसेंबरमध्ये पिवळे. त्यांवर राजा किंवा राणीची राजमुद्राक्षरे असत. राजाला पिता आणि राणीला माता मानण्याची भाषा जुनी होती. पण वर्षातील दोन ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या फुलाने आणि ठरलेल्या रंगाने ती प्रत्येक घरात उच्चारली जाण्याची सोय या काळात झाली.

मंगळवारचा गुलाबी

पिवळ्या रंगाच्या आधी दुसऱ्या एका राजाच्या जन्मवाराने बाजारात स्थान मिळवले होते. पाचवे राजे चुलालोंगकोर्ण यांचा जन्म मंगळवारी, २० सप्टेंबर १८५३ रोजी झाला होता. त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाचा रंग म्हणूनच गुलाबी आहे. दास्यप्रथा संपवणारा, रेल्वे आणि आधुनिक प्रशासन आणणारा आणि देशाला पाश्चात्त्य सत्तांच्या अंमलापासून वाचवणारा राजा अशी त्यांची प्रतिमा होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बँकॉकच्या शहरी मध्यमवर्गात या प्रतिमेचे रूपांतर उपासनेत झाले. दर मंगळवारी संध्याकाळी राजप्रांगणातील त्यांच्या अश्वारूढ पुतळ्यापुढे लोक जमू लागले आणि गुलाबी गुलाब, मेणबत्त्या, अगदी ब्रँडी आणि सिगारही अर्पण करू लागले, कारण पाश्चात्त्य शैलीत वावरलेल्या या राजाला या वस्तू आवडत असत अशी भावना होती.

या उपासनेबरोबर तसबिरी, लहान पुतळे, पदके आणि मढवलेली छायाचित्रे यांची विक्री वाढली. हे उपासक आर्थिक तेजीच्या काळात नव्याने व्यवसायात उतरलेले होते. शेअरबाजार, जमिनीचे व्यवहार आणि छोटे उद्योग यांतील अनिश्चिततेत त्यांना आधार देणारा, शिवाय आधुनिक असलेला पूर्वज हवा होता. येथे राजाच्या मृत्यूला आठ दशके होऊन गेली होती आणि कोणत्याही सरकारी आदेशाने मंगळवारची गर्दी जमत नव्हती. जन्मवार, रंग आणि वस्तू या तीन गोष्टी एकत्र आल्या की उत्सव स्वतःच्या बळावर आठवड्याच्या चक्रात फिरू शकतो, हे या उपासनेने दाखवून दिले. पुढच्या दशकात पिवळ्या रंगाने नेमकी हीच रचना उचलली.

तपांची गणना : नोटा आणि नाणी

थायलंडमध्ये आयुष्याचे टप्पे बारा वर्षांच्या आवर्तनाने मोजले जातात, कारण पूर्व आशियातून आलेल्या प्राणिचक्रानुसार जन्मवर्षाचा प्राणी दर बारा वर्षांनी परत येतो. मराठीत ज्याला एक तप म्हणतात, तेवढाच हा काळ. राजे भूमिबोल यांचा जन्म सशाच्या वर्षातला असल्याने १९८७ मध्ये त्यांची पाच, १९९९ मध्ये सहा आणि २०११ मध्ये सात तपे पूर्ण झाली आणि यातील प्रत्येक वर्ष मोठ्या उत्सवाचे ठरले. अशा वर्षासाठी सरकार एक खास बोधचिन्ह तयार करून घेते. त्यात राजमुद्राक्षरे, मुकुट, छत्र आणि वर्षांचा अंक असतो, आणि ते कोणत्याही वस्तूवर छापण्यासाठी शासकीय परवानगी घ्यावी लागते. एखाद्या उद्योगसमूहाने आपले व्यापारचिन्ह ज्या काळजीने सांभाळावे, त्याच काळजीने हे चिन्ह सांभाळले जाते.

चलनावरही या गणनेचा ठसा उमटला. साठाव्या जन्मदिवसानिमित्त १९८७ मध्ये थायलंडच्या मध्यवर्ती बँकेने साठ बाथची एक स्मृतिनोट काढली. ती १५९ मिलिमीटर लांबीरुंदीची, म्हणजे पूर्ण चौरस होती. ऐंशीव्या जन्मदिवसानिमित्त २००७ मध्ये एक, पाच आणि दहा बाथच्या तीन नोटा न कापता एकाच कागदावर, एकूण सोळा बाथच्या किमतीच्या, दिल्या गेल्या. अशा नोटा खर्चण्यासाठी नसतात. त्या मढवून भिंतीवर लावल्या जातात किंवा देव्हाऱ्याजवळ जपल्या जातात. चलन आणि पूजावस्तू यांच्यातील सीमा येथे पुसट होते, आणि बाजारातील इतर वस्तूंनाही तेच लागू पडते. राजाची प्रतिमा उंच जागी लावली जाते, पायाजवळ येणाऱ्या वस्तूंवर ती छापणे अनुचित मानले जाते, म्हणून राजचिन्ह छातीवर येते, टोपीवर येते, पण मोजांवर किंवा पायपुसण्यावर येत नाही. व्यापाराला श्रद्धेच्या या शिस्तीत राहूनच माल बनवावा लागतो.

२००६ : रंग अंगावर येतो

९ जून २००६ रोजी राजे भूमिबोल यांच्या राज्यारोहणाला साठ वर्षे पूर्ण झाली. हा जन्मदिवस नव्हता, तरीही उत्सवाचा रंग जन्मवारावरूनच घेतला गेला. जन्मवार हा राजाची कायमची ओळख झाल्याचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही. त्या दिवशी राजे अनंत समाखोम या सिंहासनगृहाच्या सज्जातून लोकांसमोर आले तेव्हा समोरचे राजप्रांगण आणि त्याकडे येणारे रस्ते पिवळ्या शर्टांनी भरून गेले होते.

या दृश्यामागे कापडबाजाराची मोठी हालचाल होती. पिवळा पोलो शर्ट, म्हणजे कॉलर आणि दोन-तीन गुंड्या असलेला विणीच्या सुती कापडाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हा या उत्सवाचा मुख्य पोशाख ठरला, आणि तो बो बे आणि प्रतूनाम यांसारख्या बँकॉकच्या घाऊक कपडाबाजारांतून, मोठ्या दुकानांतून आणि पदपथांवरील गाड्यांवरून विकला गेला. पोलो शर्टाची निवड अर्थपूर्ण होती : तो कार्यालयात चालतो, कारखान्यात चालतो, शाळेत शिक्षकाला चालतो, रिक्षाचालकालाही चालतो, आणि छातीच्या डाव्या बाजूला बोधचिन्ह भरण्यासाठी त्यात नेमकी जागा असते. राजाला दीर्घायुष्य चिंतणाऱ्या पिवळ्या रबरी मनगटपट्ट्यांना मागणी इतकी होती की त्यांचा तुटवडा पडला. बँका, कार्यालये आणि शाळा यांनी सोमवारी पिवळा शर्ट घालण्याची पद्धत रुजवली आणि अनेक महिने दर सोमवारी बँकॉकच्या बस, बाजार आणि कचेऱ्या एका रंगात दिसत राहिल्या.

या घटनेचे मोल केवळ विक्रीत नाही. राजाच्या दर्शनाचे, दरबारी समारंभांचे आणि सन्मानांचे जग सामान्य माणसासाठी बंद असते. पण एका साध्या शर्टाच्या किमतीत तो त्या उत्सवात स्वतःचे स्थान घेऊ शकतो. ज्यांनी हे शर्ट शिवले, छापले आणि विकले, त्यांच्यासाठीही तो रोजगार होता. परंपरा वरून खाली झिरपली असे म्हणण्यापेक्षा ती शिलाईयंत्रावर नव्याने घडली असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

एका गुलाबी कोटाची शक्ती

ऑक्टोबर २००७ मध्ये राजांना उपचारांसाठी बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयात दाखल करण्यात आले. ७ नोव्हेंबरला ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगावर गुलाबी कोट आणि गुलाबी शर्ट होता. हा रंग त्यांच्या प्रकृतीसाठी शुभ असल्याचा ज्योतिषांचा अभिप्राय वृत्तपत्रांत येत होता, आणि ऐंशीवा जन्मदिवस महिन्याभरावर आला होता. काही दिवसांतच गुलाबी शर्टांची मागणी उसळली. राजकन्या सिरिन्धोर्न यांच्या पुढाकाराने ग्रामीण उत्पादकांसाठी चालवल्या जाणाऱ्या फूफा दुकानांसमोर त्यासाठी रांगा लागल्या. हा रंग कोणी आदेशाने लादला नव्हता. लोकांनी वृत्तपत्रातील एका छायाचित्रावरून राजाच्या आरोग्याची इच्छा अंगावर धारण केली, आणि व्यापाऱ्यांनी तितक्याच वेगाने सूत, रंग आणि छपाई बदलली.

याच राजाने ४ डिसेंबर १९९७ च्या, म्हणजे जन्मदिवसाच्या आदल्या दिवशीच्या वार्षिक भाषणात, आशियाई आर्थिक संकटाच्या पार्श्वभूमीवर, गरजेपुरते उत्पादन आणि संयमित उपभोग यांवर आधारलेल्या पुरेपणाच्या अर्थव्यवस्थेचा पुरस्कार केला होता. जन्मदिनाच्या निमित्ताने दिलेला उपदेश संयमाचा आणि त्याच जन्मदिनाच्या निमित्ताने वाढलेली खरेदी मोठी, हा विरोध खरा आहे. पण खरेदी करणाऱ्याच्या मनात तो उपभोग नव्हता, अर्पण होते. वस्तू विकत घेणे आणि पुण्य जोडणे या दोन क्रिया थाई बौद्ध आचारात पूर्वीपासून शेजारी नांदत आल्या आहेत.

रंग कोणाचा?

बाजारात मिळणाऱ्या चिन्हाचा एक स्वभाव असतो : ते कोणीही विकत घेऊ शकतो आणि म्हणून कोणीही त्यावर हक्क सांगू शकतो. २००६ च्या सुरुवातीलाच पंतप्रधान थाक्सिन शिनावत यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या आंदोलनाने राजनिष्ठेची खूण म्हणून पिवळा रंग स्वीकारला. १९ सप्टेंबर २००६ रोजी लष्कराने सत्ता घेतली तेव्हा सैनिकांनी शस्त्रांना आणि रणगाड्यांना पिवळ्या फिती बांधल्या होत्या. थाक्सिन समर्थकांनी लाल रंग घेतला. २००८ च्या अखेरीस पिवळ्या शर्टांच्या आंदोलकांनी बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ ताब्यात घेऊन वाहतूक ठप्प केली, आणि मग सोमवारी पिवळा शर्ट घालून घराबाहेर पडणे हे अनेकांसाठी राजकीय विधान ठरू लागले. ज्यांना केवळ राजाविषयी प्रेम व्यक्त करायचे होते, त्यांनी कपाटातील तो शर्ट मागे सारला. २०१० च्या संघर्षात रंगांची ही कोंडी टाळण्यासाठी बहुरंगी शर्टांचा एक गटही पुढे आला.

त्यानंतरच्या दशकात प्रश्न अधिक तीव्र झाला. थायलंडच्या दंडसंहितेतील कलम ११२ नुसार राजा, राणी, वारस किंवा राजप्रतिनिधी यांची बदनामी किंवा अपमान करणाऱ्यास प्रत्येक गुन्ह्यासाठी तीन ते पंधरा वर्षांची कैद होऊ शकते. २०२० च्या लोकशाहीवादी आंदोलनात निदर्शकांनी पाण्याच्या माऱ्यापासून बचावासाठी फुगवलेली पिवळी रबरी बदके वापरली आणि ती बदके आंदोलनाचे चिन्ह बनली. त्यांची चित्रे असलेली नव्या वर्षाची कॅलेंडरे विकणाऱ्या एका माणसाला २०२३ मध्ये याच कलमाखाली कारावासाची शिक्षा झाली. राजाच्या तसबिरीचे कॅलेंडर थायलंडमधील जवळजवळ प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर असते. तोच कागद, तीच छपाई, पण चित्र वेगळे असेल तर तो गुन्हा ठरू शकतो. वस्तू जेव्हा निष्ठेचे माध्यम बनते, तेव्हा ती न्यायालयात पुरावाही बनते.

काळा, झेंडू आणि पुन्हा पिवळा

१३ ऑक्टोबर २०१६ रोजी राजे भूमिबोल यांचे निधन झाले आणि सारा देश काळ्या कपड्यांकडे वळला. दुकानांतील काळे कपडे संपले, भाव वाढू नयेत म्हणून शासनाला लक्ष घालावे लागले आणि अनेक ठिकाणी स्वयंसेवकांनी रस्त्यावर पातेली मांडून लोकांचे जुने कपडे विनामूल्य काळे रंगवून दिले. बाजार अपुरा पडला तेथे परस्परसाहाय्याने जागा घेतली, ही या इतिहासातील सर्वांत हृद्य बाब आहे. वर्षभराने, ऑक्टोबर २०१७ मधील दहनविधीपूर्वी, देशभर झेंडूची लागवड करण्यात आली, कारण झेंडूचा पिवळा रंग हाच दिवंगत राजाचा जन्मरंग होता. शोकाच्या काळ्यामध्ये जन्मवाराचा पिवळा असा परतला.

नवे राजे वजिरालोंगकोर्ण यांचा जन्म २८ जुलै १९५२ रोजी झाला, आणि तो वारही सोमवारच आहे. त्यामुळे रंग बदलण्याची गरज पडली नाही. मे २०१९ मधील राज्याभिषेकानिमित्त सरकारने एप्रिल ते जुलै या काळात नागरिकांना पिवळे वस्त्र घालण्याचे आवाहन केले, आणि २०२४ मध्ये सहा तपे पूर्ण झाली तेव्हा नव्या बोधचिन्हाचे पिवळे शर्ट पुन्हा बाजारात आले. राणी सुथिदा यांचा जन्मवार शनिवार असल्याने त्यांच्या जन्ममहिन्यात जांभळे ध्वज लागतात. यंत्रणा तीच आहे, चिन्हे तीच आहेत, दुकानेही तीच आहेत. फरक पुढाकारात आहे : २००६ मध्ये लोक आणि बाजार पुढे होते आणि आवाहने त्यांच्या मागून चालत होती, २०१९ नंतर आवाहन आधी येते आणि शर्ट नंतर.

रंग, वस्तू आणि मन

राजजन्मदिनाच्या वस्तूंकडे परंपरेचे स्वस्तीकरण म्हणून पाहण्याची सवय अभ्यासकांत आणि सुशिक्षितांत आढळते. थायलंडचा अनुभव ती सवय सोडायला सांगतो. ग्रहांचे रंग शतकानुशतके पोथ्यांत आणि दरबारात होते. त्यांना सार्वजनिक जीवनाचा भाग केले ते शिंपी, छपाईवाले, फूलविक्रेते आणि पदपथावरील गाडीवाले यांनी. त्यांच्याशिवाय सोमवारचा पिवळा रंग ज्योतिषाच्या पोथीतील एक नोंद राहिला असता.

महाराष्ट्रात नवरात्राच्या नऊ दिवसांना नऊ रंग नेमून देण्याची पद्धत एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला वृत्तपत्रांतून पसरली आणि साडीच्या दुकानांनी, लोकलच्या डब्यांनी, कार्यालयांनी ती आपलीशी केली. त्या रंगांचा आधारही वार आणि ग्रह हाच आहे. म्हणून थायलंडची कथा मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. मात्र त्या कथेतील धडा नीट लक्षात घ्यायला हवा. एकाच रंगात नटलेला समुदाय सुंदर दिसतो, आणि त्या सौंदर्यात सामील होण्याचा आनंद खरा असतो. पण तो आनंद तोपर्यंतच निर्मळ राहतो, जोपर्यंत वेगळ्या रंगाचा शर्ट घालून आलेल्या माणसाला त्याच्या निष्ठेचा जाब कोणी विचारत नाही. उत्सवाचा रंग निवडण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक समाजाला आहे. तो न घालण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक माणसाला असले पाहिजे, आणि ते राखण्याची जबाबदारी रंग घालणाऱ्यांवरच अधिक आहे.